पापापासूनचं सुरक्षित अंतर

माणसाला पाप एकट्याने करता येतं; पापापासून लांब राहायचं तर मात्र समिती लागते. जगाला हे फार उशिरा कळलं, पण आमच्या किकापू फॉल्सच्या कॅथलिक धर्मप्रांताला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून आमच्याकडे गळक्या छपरांची समिती आहे, उपवासकाळातल्या शुक्रवारच्या मासळीची समिती आहे (मांस वर्ज्य, म्हणून तळलेला मासा, कोबी, आणि ज्याला नको त्याला चीज), आणि या दोघी एकमेकींच्या खुर्च्या पळवतात म्हणून खुर्च्यांची तिसरी समिती आहे. पण मानाची समिती एकच: 'सदसद्विवेक व विमा समिती'.

तिचा कार्यवाह गस पेकारेक. गेली एकतीस वर्षं तो धर्मप्रांताच्या कचेरीत कर्मचाऱ्यांचा विमा पाहतो. शाळांतले शिक्षक, स्वयंपाकिणी, ऑर्गन वाजवणारे, दफनभूमीत खड्डे खणणारे, अशा सहाशे चौदा जणांचे दात, गुडघे आणि पित्ताशयं त्याच्या कपाटात वर्णानुक्रमे लावलेली असतात. गस सज्जन माणूस. ढोंगी असता तर ही गोष्ट घडलीच नसती, कारण ढोंगी माणूस पाच मिनिटांत मार्ग काढून जेवायला जातो. गसची मात्र मनापासून श्रद्धा होती की पोटातलं बाळ हे बाळच, आणि ते खुडायला आपल्या खिशातला एक सेंटही जाता कामा नये. दर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तो हमरस्त्याच्या कडेला पाटी धरून तासभर मुकाट उभा राहायचा. पाऊस येवो, ट्रकवाले भोंगे वाजवोत, गस हलायचा नाही.

अशात आमच्या राज्याच्या राजधानीत एक कायदा झाला. कायदा तसा सुटसुटीत. ज्या विम्यातून गर्भारपणाचा खर्च मिळतो, त्यातून गर्भपाताचाही खर्च मिळालाच पाहिजे. स्त्रीला निवडीचं स्वातंत्र्य असावं म्हणून ही सक्ती. (स्वातंत्र्याची सक्ती केली नाही तर लोक ते घ्यायला विसरतात, असं विमा खात्याच्या माहितीपत्रकात पान चारवर म्हटलं होतं.) हरकत असणाऱ्या धार्मिक संस्थांसाठी अर्ज क्रमांक ९-ख ठेवला होता. त्यावर 'आमची हरकत आहे' अशी सही केली, की विमा कंपनी तो खर्च परस्पर स्वतः करणार होती.

समितीने अर्ज ९-ख वर पाच बैठका घेतल्या. सही केल्यानेच जर खर्च सुरू होत असेल, तर ती सही हरकतीची की हुकमाची, असा पेच पडला. अखेर सही न करण्याचं ठरलं आणि तसं राज्याला कळवलं. राज्याने तत्परतेने अर्ज क्रमांक ९-ग पाठवला. तो ९-ख वर सही करायला ज्यांची हरकत आहे त्यांच्यासाठी होता. त्यावरही सही करायची होती.

समितीचे अध्यक्ष ज्येष्ठ धर्मगुरू मॉन्सिन्योर हॅलोरन. ते रोममध्ये सहा वर्षं शिकून आले आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले: पापाचं वर्गीकरण आणि आमच्या कॉफीचा तिटकारा. दुसऱ्याच्या पापात आपला सहभाग दोन तऱ्हांनी असतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. एक मनापासूनचा, एक नाइलाजाचा. मनापासूनचा कधीच चालत नाही. नाइलाजाचा जवळचा असेल तर चालत नाही, लांबचा असेल तर सबळ कारणाने चालतो. तेव्हा गसने, जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाने, एक साधा प्रश्न विचारला: लांबचा म्हणजे किती? मॉन्सिन्योरांनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. हा प्रश्न एवढ्या शतकांत कोणाला कसा सुचला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

मग गसने तक्ता केला. पैसा पापापर्यंत जाताना जितक्या जणांच्या हातांतून जातो, तितके हात अंतर. बाईला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेऊन सोडलं तर शून्य हात. विम्याचा हप्ता तीन हात. राज्याचा आयकर सहा हात, कारण तो मध्ये रस्ते, तुरुंग आणि मक्याचं अनुदान अशा ठिकाणी रेंगाळतो. राज्याच्या लॉटरीचं तिकीट सात हात (इथे समितीतल्या चौघांनी मोकळा श्वास घेतला). चार हात अंतर पुरेसं मानावं, असा ठराव एकमताने झाला. विम्याचा हप्ता एका हाताने कमी पडत होता, आणि त्या एका हातासाठी सतरा बैठका गेल्या.

अठराव्या बैठकीच्या दिवशी दुपारी गस शाळेच्या जेवणघरात अंड्याचं सँडविच खात कायदा नवव्यांदा वाचत होता. वाचता वाचता त्याचा घास तोंडातच राहिला. 'ज्या विम्यातून गर्भारपणाचा खर्च मिळतो.' आणि मिळतच नसेल तर? विम्यात गर्भारपणच नसेल तर गर्भपात येणार कुठून? मूळच नाही तर फांदी कुठची? गस सँडविच टाकून धावत सुटला. त्याला ओळखणारे सांगतात, की हायस्कूल सुटल्यापासून तो धावलेला कोणी पाहिला नव्हता.

समितीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. वकील टिमरमन यांनी कायदा उलटसुलट वाचून शिक्का मारला: मार्ग निर्दोष आहे. मॉन्सिन्योरांनी डोळे मिटून अंतर मोजलं आणि ते अनंत हात भरत असल्याचं जाहीर केलं. फक्त सिस्टर पर्पेचुआंनी हात वर केला. सिस्टर चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांतली तीस वर्षं त्यांनी प्रसूतिगृहात काढलेली, त्यामुळे त्यांना तत्त्वाच्या गोष्टी उशिरा कळतात. बाळंतपणाचा खर्च मग कोण देणार, असं त्यांनी विचारलं. प्रश्न चांगला असल्याचं सर्वांनी मान्य केलं आणि तो 'इतर विषय' या सदरात नोंदवून घेतला. (इतर विषयांपर्यंत आमची समिती आजवर दोनदा पोचली आहे. दोन्ही वेळा खुर्च्यांवरून.)

रविवारी चर्चमधल्या प्रत्येक मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, बिशपांचं पत्र वाचलं गेलं. गर्भातील जीवाच्या रक्षणार्थ, येत्या एक जानेवारीपासून, गर्भारपण विम्यातून वगळण्यात येत आहे. लोकांना भरून आलं. राज्याच्या विमा खात्यात दोन दिवस कोणाला काही सुधरेना. मग तिथल्या हुशार लोकांनीही पत्रक काढलं, की कायद्याचा हेतू सफल झाला आहे. प्रसूती आणि गर्भपात यांत भेदभाव होऊ नये एवढंच राज्याचं म्हणणं होतं. आता दोन्हींना सारखंच, म्हणजे काहीच मिळणार नव्हतं. शनिवारी धर्मप्रांताच्या कचेरीच्या पायऱ्यांवर एका बाजूला गर्भपाताच्या बाजूचे आणि दुसऱ्या बाजूला विरोधातले असे दोन्ही गट विजय साजरा करायला जमले. डोनटचं खोकं एकच आलं होतं, ते दोघांनी वाटून खाल्लं.

पत्र वाचलं गेलं त्या रविवारी गसच्या घरी मुलगी ब्रिजेट आणि जावई कर्ट जेवायला आले होते. ब्रिजेट आमच्याच शाळेत बालवाडीच्या मुलांना शिकवते. कर्ट धान्याच्या कोठारावर हंगामी कामाला असतो, त्याचा विमा देवाच्या भरवशावर. गसने भाजलेल्या मांसाचे काप करता करता सगळी हकीगत सांगितली: नववं वाचन, सँडविच, टाळ्या. तो असा खुलला होता की बायको डोलोरेसनेही त्याला मध्ये टोकलं नाही. त्याचं सांगून झालं तेव्हा ब्रिजेटने काटा खाली ठेवला.

"डॅड, मला दिवस गेलेत," ती म्हणाली. "पाचवा चालू आहे. गेल्या वेळसारखं होऊ नये म्हणून बोलले नव्हते."

गेल्या वसंतात तिचं एक बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्या दिवसापासून गसने, नातवंडासाठी घडवायला घेतलेल्या पाळण्याच्या लाकडाला हात लावला नव्हता. आता तो उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि लेकीला पोटाशी धरून चक्क रडला. डोलोरेसही रडली. कर्टने बटाटे वाढून घेतले. मग गसने डोळे पुसत तारीख विचारली.

"एकोणीस जानेवारी," ब्रिजेट म्हणाली. "आणि डॅड, तीन आठवडे आधी होईल का, असं मला विचारू नकोस."

गस तेच विचारणार होता.

खरी काळजी वेगळीच निघाली. ब्रिजेटचा रक्तदाब चढा होता. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हे बाळंतपण इथे करायचं नाही. शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायचं, आणि पोट उघडावं लागेल हे धरून चालायचं. विम्याशिवाय त्याचा खर्च एका नव्या ट्रॅक्टरएवढा होत होता. कर्टकडे जुनाही नव्हता.

गसने समितीकडे अपवादाचा अर्ज केला. अर्जाचा नमुना त्यानेच तयार केलेला, त्यामुळे त्यात एकही चूक नव्हती. सगळे फार कळवळले. पण टिमरमन यांनी दाखवून दिलं, की एकीचं गर्भारपण विम्यात घेतलं तरी विम्यातून गर्भारपणाचा खर्च मिळतो असं होतं, आणि मग कायदा लागू होतो. बाळ एक असो की सहाशे, दार उघडलं की उघडलं. सिस्टर पर्पेचुआ म्हणाल्या, आपण सगळ्यांनी खिशात हात घालून या पोरीचं बाळंतपण करू या. टिमरमन म्हणाले, समिती म्हणजे मालकच, आणि मालकाने खर्च केला तर तोही विम्याचा लाभच ठरतो. मॉन्सिन्योरांनी गसच्या खांद्यावर हात ठेवला, ब्रिजेटसाठी नऊ दिवसांची प्रार्थना सुरू करायचं वचन दिलं आणि ते पाळलंही. हे मी थट्टेने म्हणत नाही. ते नऊही दिवस पहाटे उठले.

मग गसला बाटल्या आठवल्या. आमच्याकडे दर वर्षी चर्चच्या दारात दुधाच्या रिकाम्या बाटल्या वाटतात. त्या घरी न्यायच्या, चिल्लरीने भरायच्या आणि परत आणून द्यायच्या. तो पैसा अडलेल्या गरोदर बायकांसाठी मातृसाहाय्य केंद्राला जातो. त्या वर्षी चारशे तीस बाटल्या भरून आल्या होत्या, त्यांतल्या सहा एकट्या गसच्या. तो ब्रिजेटला घेऊन केंद्रात गेला. तिथल्या बाई मायाळू होत्या. त्यांनी कॉफी दिली, विणलेली टोपडी दाखवली आणि वही उघडली. केंद्राची मदत गर्भपाताच्या विचारात असलेल्या बायकांसाठी होती, म्हणून पहिला प्रश्न तोच.

"नाही," ब्रिजेट म्हणाली. "मला बाळ हवंय."

"एकदाही मनात आलं नाही? नुसतं डोकावून गेलं असेल तरी चालतं ग."

"नाही आलं."

"मग कठीण आहे," बाई हळहळून म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली. बाळ वाचवायला पैसा होता, पण हे बाळ धोक्यातच नव्हतं. ब्रिजेटने एक वाक्य खोटं बोलायचं होतं. ती बोलली नाही. गसच्या लेकीने कसं बोलावं? तिला लहानपणापासून तसं वाढवलं होतं आणि त्याचा त्या क्षणी गसला पहिल्यांदाच राग आला.

राहता राहिली राज्याची गरिबांसाठीची आरोग्य योजना. कर्टचा हंगामी आणि ब्रिजेटचा बालवाडीचा पगार मिळूनही ती त्यात बसत होती. या योजनेतून बाळंतपणाचा खर्च मिळतो आणि गर्भपाताचाही; म्हणूनच ती बंद पाडण्यासाठी धर्मप्रांताने तीन वर्षं मोहीम चालवली होती. करदात्यांच्या पैशाने गर्भपात नकोत, अशी अकरा हजार तीनशे चाळीस पोस्टकार्डं राजधानीत गेली होती. तिकिटं चिकटवायच्या कामाचा प्रमुख गस होता. आता त्याच योजनेच्या दारात जायचं म्हणजे काय, ही शंका घेऊन तो मॉन्सिन्योरांकडे गेला. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी निवाडा दिला. पैसा आपल्याकडून पापाकडे जात असेल तर अंतर मोजायचं. पापाकडून आपल्याकडे येत असेल तर मोजायचं नाही. गसने तक्त्याखाली तशी तळटीप टाकली.

जिल्ह्याच्या कचेरीत खिडकीवर बसलेल्या बाईने अर्ज वाचला. आधीचा विमा कोणाचा, तर धर्मप्रांताचा. प्रसूतीचा खर्च त्यातून का मिळत नाही, या रकान्यात गसने खरं तेच लिहिलं होतं: 'बाळांच्या रक्षणासाठी'. बाईने ते दोनदा वाचलं, चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचलं आणि शिक्का मारला. योजनेत दोन्हींची सोय आहे, निवड पूर्णपणे तुमची, असं तिने ब्रिजेटला नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. ब्रिजेट म्हणाली, मला बाळंत व्हायचंय. त्यासाठी मोठ्या इस्पितळाची पूर्वमंजुरी लागेल, बाई म्हणाली, आणि ती मंजुरी यायला सात आठवडे लागतात. दुसऱ्या निवडीला मंजुरी लागत नव्हती, पण ती काही कोणाची चूक नव्हती. त्या अर्जाची समिती वेगळी होती.

नाताळ आला आणि गेला. गसने पाळण्याच्या लाकडाला पॉलिश केलं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याच्या कपाटातून गर्भारपण बाहेर पडलं. ब्रिजेटचे पाय सुजले होते, तरी ती बालवाडीत मुलांना खुर्चीत बसून गोष्टी सांगायची. पूर्वमंजुरी येत नव्हती. गस रोज सकाळी दहाला राजधानीत फोन लावायचा, तिथलं संगीत ऐकायचा आणि पावणेबाराला फोन ठेवायचा. घरी डोलोरेस त्याच्याशी फक्त जेवणापुरतं बोलत होती.

चौदा जानेवारीला सकाळी शाळेतच ब्रिजेटच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. रुग्णवाहिका बर्फातून साठ मैल गेली. मागोमाग आपल्या गाडीत गस आणि डोलोरेस. वाटेत गसने येत असलेल्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या, आणि त्या संपल्यावर परत पहिल्यापासून. इस्पितळाच्या लांबलचक बोळात त्याला ती दिसली. चाकांच्या खाटेवर होती, दोन परिचारिका खाट ढकलत होत्या, चेहरा पांढराफटक. गस धावत सुटला, खाटेपाशी पोचला, आणि एकतीस वर्षांची सवय त्याच्या तोंडातून आपली आपण बाहेर पडली. त्याने परिचारिकेला विचारलं:

"नोंद कोणत्या योजनेत केलीत?"

परिचारिका थांबली नाही. उत्तर ब्रिजेटने दिलं.

"राज्याच्या, डॅड," ती म्हणाली. "जाऊ का मी आत?"

दार बंद झालं. डोलोरेसने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती बोळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. गस उभाच राहिला. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मान्य करायला हवं, की या लाजेचं अंतर त्याला मोजता आलं नाही. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी शस्त्रक्रियेने प्रसूती झाली. पूर्वमंजुरी त्याच दिवशी चार वाजता आली.

या प्रसूतीचं पुढे सर्व स्तरांवर स्वागत झालं. राज्याच्या वार्षिक अहवालात ती पान एकोणीसवर आहे: धार्मिक मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या स्त्रीला लोकांच्या पैशाने कसा आधार दिला, त्याचा नमुना म्हणून. धर्मप्रांताच्या अहवालातही ती आहे: एवढ्या अडचणीतही गर्भपाताकडे न वळलेल्या निष्ठावंत शिक्षिकेचं उदाहरण म्हणून. त्याच पानावर तळाशी आकडे आहेत. गर्भपातावर खर्च, शून्य. प्रसूतीवर खर्च, शून्य. दोन्ही शून्यं हिशेबनीसाने तपासून बरोबर असल्याचा दाखला दिला आहे. या यशानंतर शेजारच्या तीन धर्मप्रांतांनी गसचा तक्ता मागवला.

एकूण या एका बाळंतपणाबद्दल समितीने सत्तावीस प्रश्न विचारले, राज्याच्या योजनेने चाळीस, मातृसाहाय्य केंद्राने दोन, आणि पायऱ्यांवरच्या दोन्ही गटांनी मिळून घोषणांच्या स्वरूपात सहा. मी सगळी कागदपत्रं स्वतः चाळली आहेत. पैसा कोणाचा, हात कोणाचे, हरकत कोणाची, विजय कोणाचा, सगळं त्यांत आहे.

तुम्हीही, वाचकहो, इथवर वाचत आलात. कुठे समितीला हसलात, कुठे राज्याला, आणि कोण बरोबर ते मनाशी ठरवूनही मोकळे झालात. प्रसूती होऊन तीन परिच्छेद झाले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही.